एकतर्फी सामन्याचे गणित

एकतर्फी सामना सहसा कुणाला आवडत नाही. कुस्तीच्या फडात सलामी झडते न झडते तोच गडी चीतपट झाला, तर विजेत्याला टाळ्या मिळतात, पण प्रेक्षक थोडा खट्टूच होतो. क्रिकेटमध्ये एका संघाचा डावाने पराभव अटळ दिसू लागला, की मैदानातली माणसे पाण्याच्या बाटल्या आवरू लागतात. चुरस संपली की खेळ संपला, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. या समजुतीला छेद देणारा एक खेळ ब्रिटनच्या दूरचित्रवाणीवर चार दशकांहून अधिक काळ चालू आहे. ‘काउंटडाउन’ हे त्याचे नाव. अक्षरांचा आणि आकड्यांचा हा खेळ. त्यात एकतर्फी सामने नित्याचेच आहेत आणि तरीही तो टिकून आहे. असे का व्हावे, याचा शोध घेताना हाती लागते ते केवळ एका कार्यक्रमापुरते राहत नाही. गुणफलक माणसाविषयी किती सांगतो आणि किती लपवतो, हा प्रश्न त्यातून पुढे येतो.

या खेळाचे मूळ फ्रान्समध्ये आहे. आर्मां जामो या निर्मात्याने 1965 मध्ये ‘ल मो ल प्ल्यू लाँ’, म्हणजे ‘सर्वांत लांब शब्द’, या नावाचा कार्यक्रम सुरू केला. 1972 मध्ये त्यात आकडेमोडीची भर पडली आणि नाव झाले ‘दे शिफ्र ए दे लेत्र’, म्हणजे ‘आकडे आणि अक्षरे’. यॉर्कशायर टेलिव्हिजनने तोच साचा इंग्रजीत आणला. 2 नोव्हेंबर 1982 रोजी ब्रिटनची ‘चॅनल फोर’ ही वाहिनी सुरू झाली, तेव्हा तिच्या पडद्यावर आलेला पहिला कार्यक्रम ‘काउंटडाउन’च होता. रिचर्ड व्हाइटली हे सूत्रसंचालक होते. 2005 मध्ये निधन होईपर्यंत ते या कार्यक्रमाशी जोडलेले राहिले. आकड्यांची बाजू कॅरल व्होर्डरमन यांनी 2008 पर्यंत सांभाळली आणि 2009 पासून ती रेचल रायली यांच्याकडे आली. शब्दकोश उघडून निवाडा देणाऱ्या सुझी डेन्ट 1992 पासून त्या कोपऱ्यात बसत आल्या आहेत.

खेळाचे नियम साधे आहेत. स्पर्धक दोन. अक्षरांच्या फेरीत स्वर आणि व्यंजने यांच्या दोन वेगळ्या थप्प्यांतून एकेक अक्षर मागवले जाते. नऊ अक्षरे जमली की तीस सेकंदांचे घड्याळ सुरू होते. तेवढ्या वेळात त्या अक्षरांतून होईल तितका लांब शब्द शोधायचा. जितकी अक्षरे तितके गुण. नऊही अक्षरे वापरली तर दुप्पट, म्हणजे 18. आकड्यांच्या फेरीत सहा संख्या मिळतात. 25, 50, 75 आणि 100 या ‘मोठ्या’ संख्या. 1 ते 10 या ‘लहान’. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार एवढ्याच आयुधांनी, प्रत्येक संख्या फार तर एकदा वापरून, यंत्राने दिलेली तीन अंकी संख्या गाठायची. अचूक उत्तराला 10 गुण, पाचाच्या आत पोहोचलात तर 7, दहाच्या आत 5. शेवटी नऊ अक्षरांची उलटापालट केलेला एक शब्द पडद्यावर येतो. जो आधी बटण दाबून तो ओळखेल, त्याला 10 गुण.

आता मुख्य मुद्दा. या खेळात गुण मिळतात ते फक्त सरस उत्तराला. दोघांचे शब्द सारख्या लांबीचे असतील तर दोघांनाही गुण. पण एकाचा शब्द आठ अक्षरी आणि दुसऱ्याचा सात अक्षरी असेल, तर पहिल्याला 8 आणि दुसऱ्याला शून्य. सात अक्षरी शब्द शोधणे ही काही हलकी गोष्ट नव्हे. पण फलकावर त्याची नोंदच होत नाही.

एक काल्पनिक सामना मांडून पाहू. सध्याच्या रचनेत पंधरा फेऱ्या असतात: दहा अक्षरांच्या, चार आकड्यांच्या आणि एक शेवटच्या कोड्याची. समजा, पहिल्या स्पर्धकाने दहाही वेळा आठ अक्षरी शब्द दिला आणि दुसऱ्याने दहाही वेळा सात अक्षरी. आकड्यांत दोघेही चारही वेळा अचूक. शेवटचे कोडे पहिल्याने निमिषभर आधी सोडवले. गुणफलक सांगेल : 130 विरुद्ध 40. पाहणारा म्हणेल, दुसऱ्याचा पार धुव्वा उडाला. आता नियम थोडा बदलू. प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या शब्दाचे गुण देऊ. तेव्हा फलक होईल 130 विरुद्ध 110. माणसे तीच, शब्द तेच, बुद्धी तीच. पण वीस गुणांची दरी नव्वदावर जाते, ती केवळ मोजण्याच्या पद्धतीमुळे. एका अक्षराचे अंतर दहा वेळा पडले, की त्याचा डोंगर दिसू लागतो.

फेऱ्यांची संख्याही यात भर घालते. 2001 पर्यंत हा सामना नऊ फेऱ्यांचा असे; नंतर तो पंधरांचा झाला. सामना जितका छोटा, तितका नशिबाला वाव जास्त. वीस षटकांच्या क्रिकेटमध्ये दुबळा संघ एखाद्या दिवशी बलाढ्य संघाला हरवून जातो. पाच दिवसांच्या कसोटीत ते कठीण असते. तोच न्याय येथे लागू पडतो. फेऱ्या वाढल्या तसा सरस खेळाडूचा विजय अधिक निश्चित होत गेला आणि गुणांतील अंतरही रुंदावले. डिसेंबर 2002 मध्ये एका स्पर्धकाने एकाच सामन्यात 146 गुण मिळवले, तेव्हा तो विक्रम ठरला. असा आकडा समोर असताना दुसऱ्या बाजूच्या माणसाला किती जागा उरली असेल, याची कल्पना करता येते.

तिसरे कारण स्पर्धेच्या रचनेत आहे. जिंकणारा पुढच्या भागात पुन्हा येतो आणि समोर नवा माणूस बसतो. असे सलग आठ सामने जिंकले की तो सन्मानाने निवृत्त होतो आणि हंगामाच्या अखेरीस बाद फेरीसाठी परततो. म्हणजे खरोखर तयारीचा खेळाडू आला, तर तो ओळीने आठ नवख्यांना सामोरा जातो. नवखा पहिल्यांदाच दिव्यांच्या झोतात आलेला. विजेता मात्र त्या खुर्चीला, त्या घड्याळाला, त्याच्या संगीताला सरावलेला. शिवाय अंतिम फेरीतील क्रमवारी ठरवताना विजयांची संख्या सारखी असेल तर एकूण गुण पाहिले जातात. त्यामुळे सामना हातात आल्यावरही विजेता हात आखडता घेत नाही. कुस्तीतला वस्ताद नवशिक्याला दोन डाव खेळू देतो, तशी मुभा येथे नाही.

मग ही तयारी नेमकी कशाची असते? इंग्रजीतील आर, ई, टी, ए, आय, एन, एस ही सात अक्षरे घ्या. त्यांतून ‘रिटेन्स’ होते, ‘रेटिनाज’ होते, ‘नॅस्टिअर’ही होते. सराईत खेळाडूला हे तीन शब्द शोधावे लागत नाहीत. ती अक्षरे एकत्र दिसताच ते समोर उभे राहतात. बुद्धिबळपटू जसा एकेक सोंगटी न पाहता पटाची ठेवण पाहतो, तसे हे आहे. आठवी, नववी अक्षरे जोडली तर काय होईल, हेही त्याने पाठ केलेले असते. यात भाषेचे प्रेम किती आणि घोकंपट्टी किती, असा प्रश्न साहित्याच्या वाचकाला पडेल आणि तो रास्तच आहे. याच कुळीतल्या स्क्रॅबल या खेळात त्याचे टोकाचे उदाहरण सापडते. न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स यांनी 2015 मध्ये फ्रेंच भाषेतील जागतिक स्पर्धा जिंकली, तीही फ्रेंच बोलता येत नसताना. त्यांनी शब्दांची यादी मुखोद्गत केली होती. अर्थ वजा केलेला शब्द केवळ आकार म्हणून उरतो, आणि आकार म्हणूनही त्याच्यावर प्रभुत्व मिळवता येते, हे त्यांनी दाखवून दिले. त्याला भाषाज्ञान म्हणता येणार नाही. पण त्यामागचे तप नाकारताही येणार नाही.

आकड्यांच्या फेरीत मात्र पाठांतर एका मर्यादेपर्यंतच पुरते. ‘काउंटडाउन’च्या इतिहासात सर्वाधिक सांगितले जाणारे एक उदाहरण नव्वदीच्या दशकातले आहे. संख्या होत्या 25, 50, 75, 100, 3 आणि 6. गाठायचे होते 952. स्पर्धकाने सांगायला सुरुवात केली : 100 आणि 6 मिळून 106, त्याला 3 ने गुणले, 318, त्याला 75 ने गुणले, 23,850. तीन अंकी उत्तर हवे असताना हा गृहस्थ तेवीस हजारांवर गेला, म्हणून व्होर्डरमन यांना हसू आवरेना. त्याने शांतपणे 50 वजा केले, 23,800. आणि 25 ने भागले. उत्तर 952.

वरवर हा जादूचा प्रयोग वाटतो. पण उकलून पाहिला की त्याचे खरे सौंदर्य दिसते. 75 ला 25 ने भागले की 3 येतात आणि 50 ला 25 ने भागले की 2. म्हणजे 106 गुणिले 3 गुणिले 3, एकूण 954. त्यातून 2 वजा, 952. इतके सरळ आहे ते. अडचण एवढीच, की भागायला 25 दोनदा हवेत आणि हाती 25 एकच आहे. म्हणून भागाकार शेवटापर्यंत राखून ठेवायचा आणि दोन्ही पदांना एकदमच भागायचे. शाळेत आपण ज्याला सामाईक छेद म्हणतो, त्याचाच हा चतुर उपयोग. अशा क्षणी समोरचा स्पर्धक हरतो खरा, पण आपला अपमान झाला असे त्याला वाटण्याचे कारण नसते. त्याच्यासमोर एक सुंदर गोष्ट घडलेली असते आणि तो तिचा सर्वांत जवळचा साक्षीदार असतो.

एकतर्फी सामना येथे सुसह्य का होतो, याचे उत्तर इथेच दडले आहे. कुस्तीत प्रतिस्पर्धी तुम्हाला खाली दाबतो. बुद्धिबळात तो तुमच्या प्रत्येक खेळीला अडवतो. ‘काउंटडाउन’मध्ये त्याला तुमचे काहीही बिघडवता येत नाही. नऊ अक्षरे दोघांसमोर सारखीच असतात आणि तीस सेकंदही दोघांना सारखेच. तुमचा सात अक्षरी शब्द तुमच्यापासून कुणी हिरावून घेत नाही. त्याचे गुण तेवढे मिळत नाहीत. दोघांनी आपापल्या शब्दांची लांबी सांगितली, की सूत्रसंचालक सहसा आधी लहान शब्द विचारतो, मग मोठा. हरणाऱ्याचा शब्द आधी उच्चारला जातो, ऐकला जातो. फलकावर शून्य लागण्यापूर्वी त्याला बोलण्याची संधी मिळते, ही या खेळातील शालीनता आहे. निकाल लागून गेला तरी पंधराही फेऱ्या पूर्ण खेळल्या जातात, आणि शेवटच्या कोड्यापर्यंत हरणाऱ्याला काहीतरी शोधून काढण्याची मुभा राहते.

शिवाय या सामन्यात एक तिसरा खेळाडू असतो, तो म्हणजे घरी बसलेला प्रेक्षक. त्याच्याही हातात कागद-पेन्सिल असते. स्टुडिओत कोण किती गुणांनी पुढे आहे, याच्याशी त्याला फारसे कर्तव्य नसते. विजेत्यालाही न सुचलेला शब्द आपल्याला सुचला, तर त्याची दुपार सार्थकी लागते. बक्षिसेही अशीच बेताची. हंगामाच्या विजेत्याला पूर्वी ऑक्सफर्डच्या महाकोशाचे वीस खंड मिळत. एखादा सामना जिंकणाऱ्याला मिळते ती कार्यक्रमाचे चिन्ह असलेली चहाची किटली. तिच्यासाठी माणसे अनेक महिने शब्द घोकतात, यावरून या खेळाची जात ओळखावी.

हा खेळ मराठीत आणायचा झाला तर? पहिलाच प्रश्न : अक्षर म्हणायचे कशाला? ‘क्रीडांगण’ हा शब्द आपण चार अक्षरी मानतो. पण त्यातले क आणि र वेगळे केले, वेलांटी, काना, अनुस्वार सुटे मोजले, तर संख्या दुपटीवर जाते. सुटी व्यंजने आणि मात्रा यांच्या थप्प्या कराव्या लागतील आणि जोडाक्षरांसाठी वेगळा नियम करावा लागेल. दुसरा प्रश्न विभक्तीचा. ‘शेतकरी’ चालेल, ‘शेतकऱ्यांच्यापेक्षा’ चालेल का? चालले, तर प्रत्ययांची माळ लावणाराच जिंकेल. न चालले, तर भाषेचा निम्मा संसार बाहेर राहील. तिसरा प्रश्न पंचाचा. मोल्सवर्थ उघडायचा, की दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’? कोकणातला, वऱ्हाडातला, खानदेशातला शब्द कुणी दिला आणि तो कोशात नसला, तर त्याला शून्य द्यायचे का? खेळाचा नियम करायला बसले, की भाषेविषयीची आपली सगळी जुनी भांडणे दाराशी येऊन उभी राहतात.

शेवटी पुन्हा त्या 130 विरुद्ध 40 कडे येऊ. फलक खोटे बोलत नाही. जे मोजायला सांगितले तेवढेच तो मोजतो. स्पर्धेला असा कठोर नियम लागतोच, नाहीतर तिला धार येत नाही. पण तो आकडा सामना संपल्यावर माणसाच्या कपाळी चिकटवणे हा नियमाचा नव्हे, आपला दोष. चाळीस गुणांवर थांबलेल्या माणसाने दहा वेळा सात अक्षरी शब्द शोधला होता, चार वेळा आकडे अचूक जुळवले होते. परीक्षेच्या निकालापासून नोकरीच्या मुलाखतीपर्यंत आपण असे फलक रोज वाचतो. ‘किती गुण?’ या प्रश्नानंतर ‘कसे मोजले?’ हा दुसरा प्रश्न विचारण्याची सवय लागली, तर पुष्कळसे एकतर्फी सामने तितके एकतर्फी नव्हते, असे आपल्या ध्यानात येईल.