उपास आपला, फराळ अमेरिकेचा

एकादशीला खिचडी परतताना कढईत जरा डोकावून पाहा. तूप, जिरं, मीठ सोडलं तर आत जमलेली सगळी मंडळी मुळात अटलांटिकपलीकडची आहेत. मिरची मेक्सिकोकडची. बटाटा अँडीज पर्वतातला. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा.

आणि साबुदाणा? नावात दाणा असला तरी तो कुठल्याच झाडाला लागत नाही. नाव आलं मलाय भाषेतल्या ‘सागू’वरून. तो सागू एका ताडवर्गीय झाडाच्या खोडातून काढतात. आपण खातो तो मात्र कसावा नावाच्या कंदाचा. कंद किसून सत्त्व काढायचं, गोळ्या वळायच्या, भाजून वाळवायच्या. हा उद्योग बहुतांशी तमिळनाडूत सेलमच्या आसपास चालतो. कसावाचं मूळ गाव ब्राझीलकडे. कच्चा कंद विषारी असतो, हे तिथल्या आदिवासींनी फार पूर्वी ओळखलं आणि ते विष काढायच्या युक्त्याही शोधल्या.

ज्ञानेश्वर महाराजांनी आळंदीला समाधी घेतली १२९६ साली. वास्को द गामा कालिकतला उतरला १४९८ साली, आणि ही अमेरिकेची मंडळी आपल्याकडे आली ती त्यानंतरच. म्हणजे माउलींच्या एकादशीला खिचडी नव्हती, बटाट्याचा कीस नव्हता, दाण्याची आमटीही नव्हती. वरई आणि शिंगाडा तेवढे अस्सल इथले.

बटाट्याची तर मोठीच गंमत. शब्द कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा, आपल्याकडे आला पोर्तुगीजांच्या तोंडून. पण ताइनो लोक ‘बटाटा’ म्हणायचे ते रताळ्याला! नाव रताळ्याचं, पळवलं बटाट्यानं. बिचारं रताळंही अमेरिकेचंच, पण आपल्याकडे उपासापुरतं उरलं.

भुईमुगाचं प्रकरण त्याहून अवघड. मूग उपासाला चालत नाही, भुईमूग चालतो. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात दोघंही एकाच कुळातली द्विदलं. घरातल्या आजीला हे सांगून पाहा. माझ्याच्यानं झालं नाही.

सगळ्यांत भारी मात्र राजगिरा. तोही मेक्सिकोकडचा. तिथले अ‍ॅझ्टेक लोक राजगिऱ्याच्या पिठाच्या देवमूर्ती घडवायचे आणि पूजा झाली की त्यांचे तुकडे करून खायचे. आपल्या प्रसादासारखंच! स्पॅनिश धर्मगुरूंना हे फार खटकलं आणि त्यांनी ते बंद पाडलं. राजगिरा काही संपला नाही. मेक्सिकोत आजही फुलवलेला राजगिरा मधात किंवा गुळासारख्या पाकात घोळून वड्या थापतात. नाव ‘आलेग्रिया’, म्हणजे आनंद. आपल्या किराणा दुकानाच्या बरणीत ठेवली तर कुणी चिक्की म्हणूनच मागेल.

गहू-तांदूळ वर्ज्य आणि सातासमुद्रापारचं सगळं पवित्र, हे कसं? नेमांची यादी जुनी होती. तिच्यात या परक्यांची नावंच नव्हती, त्यामुळे मनाईही नव्हती, असा माझा अंदाज. खिचडीत कोथिंबीर चालते की नाही, हे मात्र ज्यानं त्यानं आपापल्या सासरी विचारावं.