‘ज्याला’ म्हणजे नेहमीच ‘हूम’ नव्हे

मराठी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्याच्या इंग्रजी लेखनात ‘हू’, ‘हूम’ आणि ‘विच’ या तीन शब्दांच्या ज्या चुका पुन्हापुन्हा आढळतात, त्या निष्काळजीपणातून कमी आणि मातृभाषेच्या पक्क्या सवयीतून अधिक उद्भवतात. म्हणूनच नुसत्या लाल शाईने त्या जात नाहीत. महाराष्ट्रातील मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाते, आणि अंधेरी-घाटकोपरसारख्या उपनगरांत तर ती भाषा दुकानाच्या पाटीपासून नोकरीच्या मुलाखतीपर्यंत सतत भेटते. तरीही या चुकांची मुळे मराठी व्याकरणात शोधून दाखवण्याचे काम वर्गात क्वचितच होते.

मराठीत प्रश्न विचारणारे सर्वनाम, म्हणजे प्रश्नार्थक सर्वनाम, ‘कोण’ हे आहे आणि दोन वाक्ये जोडणारे संबंधी सर्वनाम ‘जो’ हे आहे. पहिले संस्कृतातील ‘किम्’च्या आणि दुसरे ‘यद्’च्या कुळातले, त्यामुळे त्यांची गल्लत होत नाही. इंग्रजीत मात्र ही दोन्ही कामे एकटा ‘हू’ करतो. तोही मुळात प्रश्नार्थकच होता आणि वाक्ये जोडण्याचे काम त्याच्याकडे पुढे हळूहळू आले.

मराठीतील ‘जो’ लिंग आणि वचन पाहतो, पण माणूस की वस्तू हे पाहत नाही: ‘जो प्रवासी’ आणि ‘जो पूल’ दोन्ही चालतात. इंग्रजीचे नेमके उलटे आहे. तिथे माणसासाठी ‘हू’ आणि वस्तूसाठी ‘विच’ असा भेद करावा लागतो. ‘द मॅन विच केम’ ही चूक या फरकातून होते, आणि तीही पूर्वी चूक नव्हती, कारण १६११ सालच्या प्रसिद्ध इंग्रजी बायबलात माणसांसाठीच नव्हे तर देवासाठीसुद्धा ‘विच’ वापरलेला आहे.

खरी अडचण ‘हूम’ची आहे. कर्त्यासाठी ‘हू’ आणि कर्मासाठी ‘हूम’ हा नियम सांगताना ‘ज्याला असेल तिथे हूम’ अशी सोपी खूण दिली जाते, आणि ‘ज्याला पोलिसांनी पकडले’ या वाक्यापुरती ती बरोबरही ठरते. परंतु ‘ज्याला अंधेरीला उतरायचे आहे’, ‘ज्याला ताप आला आहे’, ‘ज्याला मुंबई आवडते’ या वाक्यांत ज्या व्यक्तीला इच्छा, आजार किंवा आवड आहे तिला मराठी ‘ला’ प्रत्यय लावते, तर इंग्रजी त्याच व्यक्तीला कर्त्याच्या जागी बसवते. म्हणून या तिन्ही ठिकाणी ‘हू’च हवा. ‘ज्याने तिकीट काढले’ यातही प्रत्यय आहे, पण इंग्रजीत तो कर्ताच. सारांश, मराठी प्रत्ययावरून इंग्रजी रूप ठरवता येत नाही. त्यापेक्षा संबंधी वाक्य सुटे करून तिथे इंग्रजीतील ‘ही’ बसतो की ‘हिम’ हे पाहावे: ‘ही वॉन्ट्स’ म्हणून ‘हू’, ‘पोलीस कॉट हिम’ म्हणून ‘हूम’. शेवटचा मकार दोन्हींत सारखाच असल्याने ही खूण लक्षातही राहते.

दुसरा फरक वाक्याच्या घडणीचा आहे. ‘जी मेट्रो वर्सोव्याहून घाटकोपरला जाते, ती २०१४ साली सुरू झाली’ असे मराठीत ‘जी’ आधी येते आणि ‘ती’ तिचा दुवा पुरा करते. हीच रचना जशीच्या तशी इंग्रजीत नेली की ‘विच मेट्रो गोज... दॅट मेट्रो’ असे वाक्य तयार होते, आणि इंग्रजीत ‘विच’ने सुरू झालेले वाक्य ऐकणाऱ्याला प्रथम प्रश्नच वाटतो. इंग्रजीत आधी नाम, त्याला लागून संबंधी वाक्य, आणि ‘ती’ची जागा रिकामी. याच्या उलट दिशेची चूक मराठीत शिरू लागली आहे, आणि ती अधिक खेदजनक आहे: ‘माझा भाऊ जो की मुलुंडला राहतो’ अशी वाक्ये आता सर्रास ऐकू येतात, वास्तविक ‘मुलुंडला राहणारा माझा भाऊ’ ही धातूपासून साधलेल्या विशेषणाची सुटसुटीत सोय मराठीत पूर्वापार आहे.

रोजच्या इंग्रजी बोलण्यात प्रश्नाच्या आरंभी ‘हूम’ऐवजी ‘हू’ आता सर्वमान्य झाला आहे. मात्र ‘विथ’, ‘टू’, ‘फॉर’ यांसारखा शब्द लगेच आधी आला, तर औपचारिक लेखनात ‘हूम’च लिहावा लागतो, ‘ज्याच्याबरोबर’, ‘ज्याच्यासाठी’ यांत ‘जो’ला आपले रूप बदलावे लागते, तसाच हा प्रकार आहे.