बिऱ्हाड हलविताना देवावर टाकावयाचा भार

संसारात मनुष्याच्या श्रद्धेची कसोटी पाहणारे प्रसंग पुष्कळ येतात. परंतु स्थलांतर आणि धंदापालट ही दोन एकाच वेळी येऊन पडली म्हणजे जो प्रसंग उद्भवतो तो विशेष अवघड होय. आजारात वैद्य असतो, मृत्यूच्या प्रसंगी शेजारीपाजारी धावून येतात. पण पिढीजात गाव आणि हातचे उत्पन्न सोडून परक्या गावी नवा आरंभ करावयाचा म्हटले, की सल्ला देणारे शंभर भेटतात आणि भार उचलणारा एकही भेटत नाही. अशा वेळी घरातील वडील मंडळी एक वाक्य उच्चारतात, "देवावर भार टाकला आहे." हे वाक्य आम्ही फार वेळा ऐकले आहे, आणि इतके पवित्र वाक्य इतक्या निरनिराळ्या हेतूंनी वापरलेले दुसरे आम्हांस ठाऊक नाही. कोणी ते विचार पुरा झाल्यावर म्हणतो, तर कोणी विचार टाळण्यासाठी म्हणतो. कोणी स्वतःस धीर देण्यासाठी म्हणतो, तर कोणी बायकामुलांनी पुढे प्रश्न विचारू नयेत म्हणून म्हणतो. या चोहोंत खरी श्रद्धा कोणती, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आमच्या खानदेशास हा विषय नवा नाही. १९०६ साली जुन्या खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग होऊन जळगाव व धुळे ही दोन मुख्य ठाणी झाली. कचेऱ्या, कोर्टे व शाळा वाढल्या, आणि त्यांच्या मागोमाग कारकून, वकील व मास्तर यांची बिऱ्हाडेही आली. पुढे १९५० च्या कायद्याने तत्कालीन मुंबई राज्यातील परगणा व कुलकर्णी वतने रद्द झाली. आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनापासून कसणाऱ्या कुळास जमिनीचा मालक मानण्यात आले. ज्याने घाम गाळला त्याला भूमी मिळाली, हे न्याय्यच झाले. परंतु ज्या घरांचा चरितार्थ दप्तरावर आणि खंडावर चालत आला होता, त्यांना तापी-गिरणेच्या काठचे वाडे सोडून शहरात दोन खोल्यांचे बिऱ्हाड करावे लागले. कोणी शाळाखात्यात शिरले, कोणी कचेरीत, कोणी भुसावळास रेल्वेत. आज त्याच घरांची तिसरी-चौथी पिढी पुन्हा हलते आहे. कोणी धुळ्याची नोकरी सोडून जळगावास केळी, डाळ अथवा ठिबक सिंचनाच्या नळ्या यांच्या व्यापारात पडू पाहतो, कोणी याहून दूर पुण्यास जातो. धुळे-जळगाव हे अंतर सुमारे नव्वद किलोमीटरांचे. परंतु पहिल्या तारखेस मिळणारे वेतन आणि गिऱ्हाइकाच्या मर्जीवर अवलंबून असलेले उत्पन्न यांमधील अंतर किलोमीटरांनी मोजता येत नाही.

अशा प्रसंगी आधारासाठी ज्या वचनाकडे आपली मने धाव घेतात, ते म्हणजे श्रीमद्भगवद्गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंतांनी अनन्य भक्तांस दिलेले योगक्षेमाचे अभिवचन. हा शब्द आता इतका परिचित झाला आहे, की १९५६ साली स्थापन झालेल्या आयुर्विमा महामंडळानेही आपल्या बोधवाक्यासाठी तोच निवडला. पण परिचयामुळे अर्थाकडे दुर्लक्ष होते, म्हणून तो उकलून पाहणे बरे. योग म्हणजे जे मिळालेले नाही ते मिळणे, आणि क्षेम म्हणजे जे मिळालेले आहे त्याचे रक्षण होणे. गाव सोडणाऱ्या कुटुंबास या दोन्हींची चिंता एकदम ग्रासते. नव्या गावी पोट भरेल काय, ही योगाची चिंता. आणि जुन्या गावी जोडलेली माणसे, पत व रीतभात टिकेल काय, ही क्षेमाची.

यापुढे त्या वचनातील क्रियापद पाहावे. 'देतो' असे न म्हणता भगवंत 'वाहतो' असे म्हणतात. वाहणे हे ओझ्याचे असते; आणि ओझे वाहणारा कितीही समर्थ असला तरी गाठोडे ज्याचे त्यानेच बांधावयाचे असते. अर्धे सामान घरात पसरलेले टाकून "आता तू वाहा" असे म्हणणे ही श्रद्धा नव्हे, ती आळसाला घातलेली सोवळ्याची वस्त्रे होत. समर्थ रामदासांनीही प्रपंच नीटनेटका केल्यावाचून परमार्थाच्या गोष्टी करू नयेत, असेच दासबोधात बजाविले आहे. आणि समर्थसंप्रदायाची हस्तलिखिते आजही ज्या धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात जतन केलेली आहेत, त्या धुळ्याच्या रहिवाशांस तरी हे निराळे सांगावयास नको.

देवावर हवाला ठेवून आयुष्याची वाट बदलल्याची उदाहरणे द्यावयाची, तर खानदेशात ती थोर आहेत. १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी बडोद्याहून मुंबईस निघालेले विनायक नरहर भावे वाटेत सुरतेस उतरले आणि परीक्षा सोडून काशीस गेले. तेच विनोबा १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी गीतेचा एकेक अध्याय सांगत होते, आणि साने गुरुजी तो उतरून घेत होते. गुरुजींनीही अमळनेरच्या शाळेतील स्थिर नोकरी १९३० साली सोडून सत्याग्रहाची वाट धरली होती. इतिहासाचार्य राजवाडे यांनी आयुष्यभर दप्तरांच्या शोधात गावोगाव पायपीट केली आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यासच देह ठेवला.

या तिघांची नावे आम्ही आदराने घेतो. परंतु नोकरी सोडू पाहणारा एखादा तरुण गृहस्थ जेव्हा वडिलांस या महापुरुषांचे दाखले देतो, तेव्हा एक गोष्ट त्याच्या ध्यानात आणून द्यावीशी वाटते. विनोबा ब्रह्मचारी होते. साने गुरुजी अविवाहित होते. राजवाड्यांस तारुण्यातच पत्नीवियोग झाला व त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. त्यांनी जे पणास लावले ते स्वतःचे होते. गृहस्थ जेव्हा उडी घेतो, तेव्हा त्याच्या पदरास बांधलेली चार माणसे त्याच्याबरोबर उडी घेतात, मग त्यांची इच्छा असो वा नसो. म्हणून एकट्याच्या वैराग्याचा दाखला संसारी माणसास पुरत नाही. त्याला संसारी माणसाचेच उदाहरण पाहिजे.

असे एक उदाहरण खानदेशाच्या अगदी उंबरठ्याशी आहे. चाळीसगावाहून घाट चढून कन्नडच्या बाजूस गेले म्हणजे देवगाव लागते. सतराव्या शतकात तेथील कुलकर्णी आऊदेव व जानकी यांच्या पोटी संत बहिणाबाई जन्मल्या. (आसोद्याच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी, ज्यांचे नाव २०१८ पासून जळगावच्या विद्यापीठास आहे, त्या निराळ्या.) बालपणीच त्यांचे लग्न शिऊरच्या गंगाधर पाठक नावाच्या विद्वान बिजवरांशी झाले. पुढे भाऊबंदकीच्या कलहाने आऊदेवांवर असा प्रसंग आला, की गावात राहणे अशक्य झाले. तेव्हा जावई मदतीस आले. आणि सासूसासरे व लहानगी पत्नी यांसह त्या कुटुंबाने रातोरात गाव सोडले. बहिणाबाईंचे वय त्या वेळी अवघे नऊ वर्षांचे होते. हा सारा वृत्तांत त्यांनीच आपल्या आत्मनिवेदनपर अभंगांत सांगून ठेविला आहे.

वतनदारांचे घर रस्त्यावर आले. भिक्षा मागत, वाटेने देवदर्शने करीत हे कुटुंब पंढरपुरास गेले, शिखर शिंगणापुरास गेले, रहिमतपुरास काही काळ राहिले. तेथे गावच्या उपाध्यांच्या गैरहजेरीत त्यांचे काम पाहण्याचा प्रसंग गंगाधरपंतांवर आला. दुसऱ्याच्या वृत्तीवर तात्पुरते बसणे हे एका विद्वान पुरुषास किती जड गेले असेल, याची कल्पना आजच्या हंगामी नोकरदारास सहज येईल. तेथूनही ते हलले आणि कोल्हापुरास आले. येथे बहिणाबाईंना जयरामस्वामींची हरिकथा ऐकावयास मिळाली, आणि तुकोबांच्या अभंगांचे वेड लागले.

यानंतरचा भाग गोड नाही, आणि म्हणूनच तो विचार करण्याजोगा आहे. पत्नीच्या भजनाने लोक गोळा होऊ लागले, हे पतीस सोसवेना. परमुलुखात आपले स्थान गमावलेला तो पुरुष आपला सारा कढ त्या अल्पवयीन मुलीवर काढू लागला. तिला मारहाण झाली. शूद्र म्हणून गणल्या गेलेल्या तुकोबांस ब्राह्मणाच्या स्त्रीने गुरू मानावे, हे तर त्यास असह्य झाले. तिला टाकून निघून जाण्याचा बेत त्याने केला. पण ऐन वेळी ज्वराने अंथरुण धरले. त्या दुखण्यात ज्या पत्नीस तो टाकणार होता तीच उशाशी बसून होती. दुखणे उतरले तेव्हा त्याचा अभिमानही उतरला, आणि ते कुटुंब तुकोबांच्या देहूस गेले. तेथेही मंबाजींच्या छळामुळे सुख निर्वेध नव्हतेच.

या कथेतून आम्हांस तीन गोष्टी घेण्यासारख्या वाटतात. पहिली ही, की ते कुटुंब निघाले ते चरितार्थाच्या शोधात. त्यांना जे लाभले त्याचा त्यांनी विचारही केला नव्हता. भगवंत योग घडवितो, पण आपण काढलेल्या नकाशावरून चालण्यास तो बांधलेला नाही. दुसरी ही, की या प्रवासात सर्वांत खरा विश्वास ज्या व्यक्तीचा होता, तिला निघताना कोणी विचारलेही नव्हते. घरात 'देवावर भार' हे शब्द कर्ता पुरुष उच्चारतो. तो भार बहुधा दुसरेच कोणी निमूटपणे वाहत असते. तिसरी गोष्ट ही, की संकटाने कुटुंब मोडत नाही. संकटाचा राग दुर्बळावर काढल्याने मोडते. गंगाधरपंतांनी सासूसासऱ्यांस सोडले नाही हा त्यांचा केवढा मोठा धर्म. पण पत्नीवर हात टाकला तेथे तो धर्म उणा पडला. श्रद्धेची परीक्षा देवळात कमी आणि स्वयंपाकघराच्या दारात अधिक होत असते.

आता आजच्या कुटुंबांविषयी. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीस पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि पाचवे दैव. दैव आहे, पण ते पाचवे आहे. हा क्रम बिऱ्हाड हलविणाऱ्याने आपल्यापुरता लावून पाहावा. अधिष्ठान म्हणजे आधारस्थान: ज्या गावी जावयाचे तेथे तो धंदा खरोखर चालतो काय, हे दोन-तीन खेपा करून डोळ्यांनी पाहिले काय? कर्ता: नोकरीत वरिष्ठांची आज्ञा पाळण्याची सवय झालेला आपला स्वभाव उधारी वसूल करण्यास पुरेल काय? करण म्हणजे साधने: भांडवल किती, त्यांत कर्जाचे किती, आणि एक वर्षभर प्राप्ती न झाली तरी घर चालेल एवढी शिल्लक निराळी ठेवली काय? चेष्टा म्हणजे प्रत्यक्ष खटपट: ती कोण कोण करणार, हे ठरले काय? हे चार प्रश्न सोडवून मग जे उरते ते दैव. तेवढे निःशंक मनाने ईश्वराच्या चरणी ठेवावे, आणि ठेवल्यावर रात्री पुन्हा पुन्हा उचलून पाहू नये.

दुसरी सूचना अशी, की निर्णयापूर्वी घरातील सर्वांस एकत्र बसवून प्रत्येकाचे म्हणणे ऐकावे, आणि प्रारंभ घरातील सुनेपासून करावा. कारण नव्या गावी दूधवाला, वाणी, शेजार आणि पाण्याची वेळ या साऱ्यांशी पहिली गाठ तिचीच पडते. तिची स्वतःची नोकरी असेल तर तीही सुटत असते. वृद्धांची औषधे व त्यांचा ओळखीचा वैद्य यांची सोय आधी लावावी. मुलांचे शालेय वर्ष मध्ये तोडू नये. दोन महिने गृहस्थाने एकट्याने खोली घेऊन काढावे, पण मुलांस वर्गाच्या मध्यावर उपटू नये, हे आम्ही मास्तरकीच्या अनुभवाने सांगतो.

तिसरी सूचना नेमाविषयी. नव्या घरात प्रथम देव न्यावेत, दूध उतू घालावे, ही आपली जुनी चाल आहे आणि ती अर्थपूर्ण आहे. परंतु देवांबरोबर नेमही न्यावा. धुळ्यास पांझरेच्या काठी एकवीरादेवीस वर्षातून एकदा जाणारे घर जळगावास गेले म्हणून ती वारी चुकू देऊ नये. सायंकाळी दिवा लावून परवचा म्हणण्याची चाल असेल तर ती पहिल्याच संध्याकाळपासून, सामानाच्या पेट्यांमध्ये बसून का होईना, चालू ठेवावी. भोवतालचे सर्व बदलले असता एक गोष्ट जशीच्या तशी राहिली, तर लहान मुलांस व म्हाताऱ्या माणसांस तेवढाच खांब धरावयास मिळतो.

आणि इतके करूनही यश न आले तर? हा प्रश्न टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. दुकान बसते, भागीदार फसवितो, बाजारभाव कोसळतो. अशा वेळी "देवाने दगा दिला" असे म्हणणाराने पूर्वी विश्वास ठेवला नव्हता, त्याने सौदा केला होता. भगवंतांनी यशाची हमी दिलेली नाही. भार वाहताना सोबत राहण्याची दिली आहे. ती सोबत आपणांस बहुधा माणसांच्याच रूपाने मिळते: भाड्यासाठी एक महिना थांबणारा घरमालक, न मागता धान्य पाठविणारा थोरला भाऊ, दागिन्यांचा डबा पुढे ठेवून एक शब्दही न बोलणारी गृहिणी. अशा माणसांस ओळखणे आणि पुढे सुदिन आल्यावर त्यांस न विसरणे, हाही श्रद्धेचाच भाग होय.

तेव्हा ज्या घरात सध्या असा विचार चालू असेल, त्यांनी निघावयाचे ठरले तर निर्भय मनाने निघावे. गाठोडे मात्र नीट बांधावे, आणि त्यात कोणाचे मन चेपले जात नाही ना, एवढे गाठ मारण्यापूर्वी एकदा पाहावे.