ढोल घुमतो, पाय हलतात… पण गाणं कुणाचं?

मैत्रिणींनो, व्यायाम आणि आपण, यांचं नातं तुम्हांला ठाऊक आहेच. सोमवारी निश्चय, मंगळवारी पाहुणे, बुधवारी कंबर धरते आणि गुरुवारी… जाऊ द्या! मीही त्यातलीच. "दिवसभर घरात पायाला भिंगरी असते, आणखी वेगळा व्यायाम कसला?" हे वाक्य मी आमच्या डॉक्टरांना इतक्यांदा ऐकवलं आहे, की आता माझ्याआधी तेच म्हणतात.

पण २०२५ च्या सप्टेंबरात मी लेकीकडे कॅनडात गेले, आणि तिनं दुसऱ्याच दिवशी मला जवळच्या केंद्रातल्या बायकांच्या व्यायामवर्गात नेऊन उभं केलं. पन्नाशी-साठीच्या पंधरा-वीस जणी, समोर शिकवणारी तरतरीत मुलगी आणि कोपऱ्यात गाणी लावायला मोबाईल. हात वर, पाऊल बाजूला, गुडघा वर. गाणं चांगलं असलं की अर्धा तास कसा गेला ते कळत नाही, हे मला तिथं पहिल्यांदा पटलं.

नवरात्र चालू होतं. आपल्याकडच्या रंगांच्या हिशेबानं मी त्या सोमवारी मोरपिशी कुडता घालून गेले, आणि पाहते तो सगळ्या जणी नारिंगी! मी हसत विचारलं, "काय गं, तुमच्याकडेही रोजचे रंग असतात वाटतं?" कुणी हसलं नाही. शिकवणारीनं मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "उद्या तीस तारीख. नारिंगी सदऱ्याचा दिवस."

आता हा दिवस काय, ते आधी सांगते. कारण ते कळल्याशिवाय पुढच्या गाण्यांना अर्थ नाही.

१९७३ साली फिलिस वेबस्टॅड नावाची सहा वर्षांची मुलगी ब्रिटिश कोलंबियातल्या एका निवासी शाळेत गेली. शाळेत जायचं म्हणून आजीनं तिला नवा कोरा नारिंगी सदरा घेऊन दिला होता. पहिल्याच दिवशी शाळेनं तिचे कपडे काढून घेतले. तो सदरा तिला पुन्हा कधी घालायला मिळाला नाही. बस्स, एवढीच गोष्ट. पण आपण आया आहोत, आज्या आहोत. मुलाला शाळेत पाठवताना घेतलेल्या नव्या कपड्याची घडी आपल्या हाताला आठवते. २०१३ पासून फिलिसबाईंच्या या आठवणीवरून तिथं दर तीस सप्टेंबरला नारिंगी सदरे घालतात, आणि २०२१ पासून तो दिवस देशपातळीवर स्मरणाचा म्हणून पाळला जातो.

ती एकटी नव्हती. कॅनडातल्या मूळनिवासींच्या, म्हणजे फर्स्ट नेशन्स, इन्यूट आणि मेटी लोकांच्या, दीड लाखाहून अधिक मुलांना शंभरावर वर्षांच्या काळात अशा शाळांत ठेवलं गेलं. सरकारचा पैसा आणि चर्चची व्यवस्था. हेतू उघड होता : मुलांच्या तोंडातली भाषा जावी, अंगातलं गाणं जावं. मातृभाषेत बोललं तर शिक्षा. यातल्या शेवटच्या शाळा १९९० नंतरच्या दशकात बंद झाल्या. नेमलेल्या सत्यशोधन आयोगानं २०१५ च्या अहवालात ३,२०० मुलांच्या मृत्यूंची नोंद दिली. त्यातल्या जवळजवळ एकतृतीयांश मुलांचं नावसुद्धा शाळेनं लिहून ठेवलं नव्हतं. अहो, आपण दूधवाल्याचा खाडा लिहून ठेवतो!

आणि मोठ्यांचं काय? त्यांच्या गाण्यांवरही कायद्यानं बंदी होती. १८८५ पासून पश्चिम किनाऱ्यावरचा 'पॉटलॅच' हा दानाचा आणि नाचगाण्याचा सोहळा गुन्हा ठरला. पुढं इतर समारंभांवरही बंधनं आली. ही कलमं कायद्यातून गेली ती थेट १९५१ साली. म्हणजे आज तिशी-चाळिशीत असलेल्यांच्या आज्यांनी मंगळागौर जागवायलाही चोरीनं जमावं, असंच की!

तर त्या सोमवारी आमच्या वर्गाची सगळी गाणी मूळनिवासी गायकांची होती. आधी लागलं 'राउंड डान्स'चं गाणं. हातात धरायची डफासारखी ढोलकी, झुलता ठेका. शिकवणारी म्हणाली, हात धरा, गोल करा, डाव्या पायानं बाजूला सरका. आणि मैत्रिणींनो, मला डोळ्यांसमोर पाट आणि पाटावरचा हत्तीच दिसायला लागला! भोंडल्याचा फेर म्हणजे दुसरं काय असतं? फरक एवढाच की शेवटी खिरापत ओळखायची नव्हती.

या फेराची एक हकीकत लेकीनं नंतर सांगितली. २०१२ च्या नोव्हेंबरात सॅस्कॅचवान प्रांतातल्या चार बायकांनी एका सरकारी विधेयकाविरुद्ध आवाज उठवला. मूळनिवासींच्या जमिनीवरचे हक्क आणि नद्या-तळ्यांचं संरक्षण त्यानं कमी होणार होतं. त्यातून 'आयडल नो मोअर', म्हणजे 'आता स्वस्थ बसणे नाही', ही चळवळ उभी राहिली. नाताळच्या खरेदीची गर्दी असताना मोठमोठ्या दुकानसंकुलांत अचानक ढोलकी घुमायची, आणि पिशव्या खाली ठेवून माणसं फेर धरायची. विधेयक मंजूर झालंच. पण ज्या गोष्टीला बंदी होती, ती भरबाजारात हातात हात धरून झाली.

मग वेग वाढला. 'द हॅलुसी नेशन' या ओटावाच्या गटाचं गाणं लागलं. यांचं जुनं नाव 'अ ट्राइब कॉल्ड रेड'. २०२१ मध्ये त्यांनी ते बदललं. 'पाववाव' म्हणजे तिकडचा नाचगाण्यांचा मेळावा. त्यात एका मोठ्या ढोलाभोवती सहा-आठ गाणारे बसतात आणि एकदम टिपऱ्या हाणतात. त्या ढोलाला हे लोक आजच्या यंत्रावरच्या तालाची जोड देतात. 'स्टेडियम पाववाव' या त्यांच्या गाण्यात क्यूबेक प्रांतातल्या मनवान गावचा 'ब्लॅक बेअर' हा गट गायला आहे. गाणाऱ्यांचं नाव गाण्यावर ठळक असतं, हे मला आवडलं. आपल्याकडे आदिवासींची चाल उचलून वरातीत वाजवतात, आणि चाल कुठल्या पाड्यावरची ते कुणी विचारत नाही.

ढोल छातीत वाजत होता, घाम निथळत होता, आणि मी स्वतःवरच खूष होते. पुढचं गाणं थोडं संथ लागलं. मी आपली हात हलवतेच आहे, पाय आपटतेच आहे… आणि बाजूला पाहते तर सगळ्या स्तब्ध. माझ्या शेजारी नेहमी एक सत्तरीच्या बाई असत. त्या अनिशिनाबे समाजाच्या. त्या मान ताठ ठेवून, हात बाजूला सोडून उभ्या होत्या. मी हात वर नेलेले तसेच खाली आणले. कुठं तोंड लपवू असं झालं.

गाणं संपल्यावर त्यांनीच माझा दंड धरला. म्हणाल्या, "हे मानाचं गाणं. याला टोपी काढून उभं राहायचं असतं. तुम्हांला कोण सांगणार?" रागावल्या नाहीत, यानंच जास्त शरम वाटली. पाणी पिताना मी विचारलं, "पण मग बाकीच्या गाण्यांवर आम्ही उड्या मारतो, ते तुम्हांला चालतं?" त्या म्हणाल्या, "फेराचं गाणं सगळ्यांनी नाचावं म्हणूनच असतं. माझ्या आईला शाळेत आमची भाषा बोलू दिली नाही. मी ढोलाची गाणी शिकले ती चाळिशीनंतर. तुम्ही नाचलात तर मला बरंच वाटतं. फक्त कोणतं गाणं कशाचं, ते विचारत जा."

मी परत आल्यावर हॉलमधलं टीपॉय सरकवून हाच क्रम चालू ठेवला आहे. तुम्हांला करायचा असेल तर सांगते. गाणी मोबाईलवर सहज मिळतात. मुलांना सांगा, दहा मिनिटांत यादी करून देतील.

सुरुवातीची पाच-सहा मिनिटं फेराच्या गाण्यांची. आल्बर्टा प्रांतातला 'नॉर्दर्न क्री' हा गट १९८० नंतरच्या दशकापासून गातो आहे. त्यांची राउंड डान्सची गाणी भरपूर आहेत. जोडीला कुणी नसेल तर एकटीनंच बाजूला सरकत राहायचं. खांदे मोकळे होतात, गुडघ्यांना धक्का बसत नाही. पुढची पंधरा-वीस मिनिटं हॅलुसी नेशनची. वेगाची खूण सोपी : शेजारणीशी बोलता आलं पाहिजे, पण गाता येऊ नये. बोलतानाच धाप लागत असेल तर वेग कमी करा, आणि छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर लगेच थांबा. रक्तदाब, मधुमेह किंवा गुडघ्याचा त्रास असेल त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. गुळगुळीत फरशीवर मोजे घालून मुळीच नाचू नका. बूट घाला, नाहीतर सरळ अनवाणी. आणि साडी नको बाई, पंजाबी ड्रेस बरा!

लेकीच्या मुलाला हाइस्ला समाजातल्या दोघा तरुणांची रॅप गाणी फार आवडतात. 'स्नॉटी नोझ रेझ किड्स' म्हणतात त्यांना. अर्थ म्हणाल तर शेंबडी पोरं! ठेका जोरकस, राग खरा. पण मधूनमधून शिव्या आहेत, तेव्हा सासूबाई हॉलमध्ये असतील तर विचार करा.

शेवटची पाच मिनिटं अंग ताणायला जेरेमी डचर. यांची गोष्ट मला सगळ्यांत जवळची वाटते. न्यू ब्रन्सविक प्रांतातल्या वोलास्टोकी समाजाचा हा गायक. त्यांची भाषा सहज बोलणारी माणसं शंभराच्या आसपास उरली आहेत. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी एका अभ्यासकानं या लोकांची गाणी मेणाच्या नळकांड्यांवर उतरवून घेतली होती. ती संग्रहालयात पडून होती. मॅगी पॉल या वडीलधाऱ्या बाईंनी डचरला त्यांची वाट दाखवली. त्यानं संग्रहालयात बसून, कान देऊन ती ऐकली, आणि पणजोबा-खापरपणजोबांच्या आवाजाबरोबर स्वतःचा आवाज आणि पियानो मिळवला. त्या गाण्यांना २०१८ चा 'पोलॅरिस' हा कॅनडातला मोठा संगीत पुरस्कार मिळाला. २०२४ ला त्याला तो पुन्हा मिळाला. पाय लांब करून अंगठे धरायचा प्रयत्न करताना (माझे अजून घोट्यापर्यंतच पोचतात) तो मेणावरचा खरखरीत आवाज ऐकला की माळ्यावरच्या ट्रंकेतून आजीचं काही सापडावं, तसं वाटतं.

तान्या टागाक मात्र मी व्यायामाच्या यादीत घेतलेली नाही. ती उत्तरेकडच्या नुनावुट भागातली इन्यूट गायिका. इन्यूट बायकांचा एक खेळ आहे. पुरुष शिकारीला गेले की दोघी समोरासमोर उभ्या राहून एकमेकींचे दंड धरायच्या आणि घशातून, श्वासातून आवाज काढायच्या, एकीमागून एक. जिला आधी हसू येईल किंवा दम लागेल, ती हरली. फुगडी घालताना पक्वा करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको! मिशनऱ्यांनी हाही खेळ बंद पाडला होता. टागाक तो एकटीनं रंगमंचावर करते. २०१४ च्या पोलॅरिस समारंभात ती गात असताना मागच्या पडद्यावर नावं सरकत होती : खून झालेल्या आणि बेपत्ता झालेल्या मूळनिवासी बायकांची. त्याच वर्षी तिथल्या पोलिसांनीच १९८० ते २०१२ या काळातल्या अशा १,१८१ बायकांचा आकडा दिला होता. हे गाणं बसून ऐकायचं, तेही घरात शांतता असताना.

मानाची गाणी यादीतून काढू नका, एवढं मात्र सांगेन. नावातच बहुधा 'ऑनर साँग' असं असतं. मी ते वेगाच्या गाण्यांनंतर ठेवलं आहे. ते लागलं की उभं राहायचं. तेवढ्यात दम खाली बसतो, हा फायदा आहेच. पण उभं राहायचं ते त्यासाठी नव्हे.

परवा सकाळी आमच्या खालच्या मजल्यावरच्या सूनबाई वर आल्या. मला वाटलं, दणदणाटाची तक्रार असणार. तर त्या दारातच थबकल्या, कारण मी हॉलच्या मधोमध घाम पुसायचंही सोडून ताठ उभी!

"काय झालं, काकू? बरं नाही का वाटत?"

मी बोटानं थांब म्हटलं. गाणं संपल्यावर तिला बसवून आजीनं घेतलेल्या नारिंगी सदऱ्याची गोष्ट सांगितली. तिची धाकटी येत्या जूनपासून शाळेत जायची आहे. ती काही वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "काकू, नऊ ऑगस्टला आमच्या डहाणूला आदिवासी दिनाची मिरवणूक निघते. तारपा वाजतो. माहेर तिथलं, पण आम्ही आपल्या गच्चीतून बघायचो. खाली कधी उतरलोच नाही."

तेवढ्यात फेराचं गाणं लागलं. तिनं ओढणी कमरेला खोचली, हात पुढं केला आणि विचारलं, "आधी कुठला पाय?"