पुणतांब्याचा रॉक अँड रोल (लेखांक सहावा)

मागच्या लेखांकात आपण मेम्फिसला थांबलो होतो. जुलै १९५४ मध्ये एल्व्हिस प्रेस्लेची पहिली तबकडी निघाली. तिच्या एका बाजूला आर्थर क्रुडप या कृष्णवर्णीय गायकाचे ब्लूज गाणे होते, तर दुसऱ्या बाजूला बिल मन्रो या गोऱ्या गायकाचे ग्रामीण वळणाचे. या जुळणीला पुढे रॉकबिली म्हणू लागले. आपल्याकडे अशी जुळणी आधी कोणी केली, असे विचाराल तर मी सी. रामचंद्रांचे नाव घेईन. नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे, १९१८ मध्ये जन्मलेले हे रामचंद्र नरहर चितळकर विनायकबुवा पटवर्धनांकडे गाणे शिकले. त्यांचा 'अलबेला' १९५१चा, म्हणजे एल्व्हिसच्या तबकडीआधी तीन वर्षे आलेला. त्यातले 'शोला जो भडके' कान देऊन ऐका. बोंगोची थाप, ट्रम्पेटची तान, आणि त्यावर लता व चितळकर यांचे मोकळे गाणे. पडद्यावर भगवानदादांची पावले जेमतेम हलतात, सगळा नाच हातांत आणि खांद्यांत. ठेका परका आहे, पण चाल पेटीवर नुसती वाजवली तरी उभी राहते. १९५७च्या 'आशा'तले 'ईना मीना डीका' तर उघडच रॉक अँड रोल आहे.

ही पाश्चात्त्यांची नक्कल, हा आक्षेप जुना आहे. पण त्याच 'अलबेला'त 'धीरे से आजा री' ही अंगाई आहे, आणि दोनच वर्षांनी 'अनारकली' आला. ज्याला आपल्या घरचे सूर असे अवगत आहेत, तो पाहुण्या ठेक्याला जागा करून देतो, त्याच्या आहारी जात नाही. उमरग्याच्या बाजारात एकाच सौद्यात मराठी, कानडी आणि दखनी ऐकणाऱ्याला हे वेगळे समजवायला नको. गिटारचा तो खणखणाट इथे नाही, 'शोला'चा ठेकाही लॅटिन अमेरिकेकडचा, म्हणून हे काटेकोर अर्थाने रॉकबिली नव्हे, हे मात्र मान्य करायला हवे.

खरा जड आक्षेप श्रेयाचा आहे. या गाण्यांतला ट्रम्पेट आणि वाद्यांची बरीचशी मांडणी चिक चॉकलेटची, म्हणजे गोव्यातल्या हळदोण्याच्या आंतोनियो झेवियर वाझ यांची. 'अलबेला'च्या पडद्यावर त्यांचा वाद्यवृंद दिसतोही. पण तबकडीवर नावे यायची ती संगीतकाराची आणि गायकाची. क्रुडपलाही त्याच्या गाण्यांचा हक्काचा पैसा हयातीत नीट मिळाला नाही. चालीचा आणि निवडीचा मान चितळकरांचाच, तो मी कमी करणार नाही. मात्र त्या चालीला जी झळाळी आली, तिच्यात निम्मा वाटा हळदोण्याचा धरावा लागेल. वाझ १९६७ मध्ये गेले. आपल्याकडे त्यांच्याविषयी लिहिले गेले ते बहुतेक दुसऱ्यांच्या गाण्यांच्या निमित्ताने, म्हणून पुढचा लेखांक फक्त त्यांचा.