आठ सिटिंग, बेचाळीस अंश

सोलापुरात सात रस्त्याच्या आसपास फलकांना तोटा नाही. चादरी, टॉवेल, पोलीस भरतीच्या अकादम्या, कुणा दादांना वाढदिवसाच्या शुभेच्छा. या सगळ्या गर्दीत एका दवाखान्याच्या फलकावर फक्त एक मांडी आहे. गोरी, गुळगुळीत, उघडच परदेशी बाईची. खाली मजकूर एवढाच: शस्त्रक्रिया नाही, वेदना नाही, आठ सिटिंग. ज्या गावात मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो आणि अंगावरचा सुती कपडासुद्धा नकोसा होतो, तिथे मांडीवरचे खळगे घालवायला पैसे मोजून कोण येत असेल, असा प्रश्न फलकाखालून जाणाऱ्याला पडतोच. जिना चढून गेलं तरी त्याचं उत्तर लगेच मिळत नाही.

कारण वर बाकावर बसलेली प्रत्येक जण केस गळतीसाठी आलेली असते. निदान शेजारणीला तसंच सांगते. सोलापूर तसं आटोपशीर गाव; शेजारी बसलेली बाई मावससासूची जाऊ निघू शकते. म्हणून इथली थेरपिस्ट दारातून "केसांच्या मॅडम, या" अशी हाक मारते, आणि केसांच्या मॅडम आत जाऊन सलवार बदलून पलंगावर पालथ्या पडतात.

थेरपिस्ट तिशीतली आहे. नर्सिंगचा छोटा कोर्स झालेला, घर पूर्व भागात, घरी तेलुगू, इथे मराठी. आई अजून विड्या वळते. लेक नक्की काय काम करते, असं आईने विचारलं तेव्हा तिने सांगून टाकलं, "मशीनवर शेक देते." दवाखान्याच्या टेबलावर चकचकीत माहितीपत्रकांचा गठ्ठा आहे. त्यातल्या कुठल्याही पानापेक्षा हे तीन शब्द जास्त खरे आहेत.

काम सुरू होतं ते मशीनने नव्हे, फोटोने. कोपऱ्यात फरशीवर काळ्या चिकटपट्टीने दोन पावलं आखलेली आहेत. बाईने तिथेच उभं राहायचं, भिंतीकडे तोंड करून, पाय सैल सोडून. थेरपिस्ट ट्यूबलाइट बंद करते आणि वरचा एकच दिवा लावते. उजेड वरून तिरपा पडला की प्रत्येक खळग्याच्या पोटात सावली भरते आणि मघाशी सपाट वाटणारी मांडी एकदम उंचसखल दिसू लागते. समोरून फ्लॅश मारला की तीच मांडी पुन्हा साफ. तिने हे दोन्ही करून दाखवलं आणि मोबाइल ओट्यावर ठेवत म्हणाली, "पहिला फोटो वरच्या दिव्यात काढायचा, शेवटचा फ्लॅशवर. मशीन चालू नाही केलं तरी रिझल्ट येतोय की." ती स्वतः मात्र दिवा बदलू देत नाही. पावलांची पट्टी झिजली की नवी लावते. पहिला आणि आठवा फोटो एकाच दिव्याखाली, एकाच जागी. पॅकेज विकायला हे सोयीचं नाही, पण डॉक्टरांचा तिला पाठिंबा आहे.

डॉक्टर त्वचारोगतज्ज्ञ आहेत. त्या येणाऱ्या बाईला आधी कागदावर चित्र काढून दाखवतात. त्वचेखाली चरबीचे कप्पे असतात आणि त्यांच्या मधून तंतूंचे पट्टे त्वचेला खालच्या थराशी बांधून ठेवतात. बाईच्या मांडीत हे पट्टे बहुतेक उभे असतात. चरबी कप्प्यातून वर दाबते, पट्टा मात्र त्वचेला खाली धरून ठेवतो; वाकळ टाक्यापाशी दबते आणि मधे फुगते, तसं. पुरुषांत हेच पट्टे तिरपे, एकमेकांना छेदून जातात, त्यामुळे त्यांना खळगे क्वचितच पडतात. न्युर्नबर्गर आणि म्युलर या जर्मन संशोधकांनी १९७८ साली हे चित्र मांडलं. पुढे त्यात बारकावे भरले गेले, तरी मूळ मुद्दा टिकून आहे. वयात आलेल्या ८० ते ९० टक्के स्त्रियांत हे कमी-अधिक असतंच. बारीक बाईतही असतं, व्यायाम करणारीतही असतं.

म्हणजे आजार नाही. सतराव्या शतकात चित्रकार रुबेन्सने रंगवलेल्या बायकांच्या अंगावर हे खळगे बिनदिक्कत दिसतात आणि त्या काळी त्यावर औषध विचारत कुणी फिरत नव्हतं. फ्रेंच डॉक्टरांनी १९२० च्या दशकात त्याला सेल्युलाईट म्हणायला सुरुवात केली, १९६८ मध्ये अमेरिकेतल्या 'व्होग' मासिकाने ते वाचकांपुढे आणलं आणि तिथून पुढे ही तक्रार मलमं, पट्टे, रोलर आणि मशीन यांचं गिऱ्हाईक झाली. सात रस्त्यावर पोचायला तिला अर्धं शतक लागलं.

आता मशीन. पेसमेकर आहे का, पायात रॉड टाकलाय का, तांबी बसवली आहे का, दिवस गेलेत का, हे प्रश्न थेरपिस्ट एका दमात विचारून घेते. जेल लावते. हँडपीस फिरू लागतो. हे मशीन रेडिओफ्रिक्वेन्सीवर चालतं, म्हणजे उच्च वारंवारतेच्या विद्युतप्रवाहावर. ऊतीतून जाताना या प्रवाहाला विरोध होतो आणि त्या विरोधातून उष्णता निर्माण होते. लेझरच्या अनेक प्रकारांना त्वचेतला काळा रंग आडवा येतो, गव्हाळ-सावळ्या त्वचेवर डाग उठायची भीती असते. या उष्णतेला रंगाशी देणंघेणं नाही, म्हणून आपल्याकडे हे मशीन जास्त चालतं. त्वचा ४० ते ४२ अंशांपर्यंत तापवायची आणि तिथेच काही मिनिटं धरून ठेवायची. कोलॅजनचे तंतू उष्णतेने आक्रसतात, पुढच्या काही आठवड्यांत नवीन कोलॅजन तयार होतं, त्वचा थोडी घट्ट होते. त्यापेक्षा कमी तापली तर फुकट, जास्त तापली तर भाजणार.

सगळं कौशल्य या दोन अंशांच्या फटीत आहे. थेरपिस्टच्या उजव्या हातात हँडपीस, डाव्या हातात बंदुकीसारखा दिसणारा तापमापक. गोल, गोल, मग लांब फेरा, पुन्हा गोल. हात एका जागी क्षणभरही थांबत नाही. "चटका बसायलाय का ओ ताई?" ताई म्हणते नाही. तापमापक ३९ दाखवतो, मग ४१. "हलू नका, बेचाळीसला आलोय आपण." हा आकडा ती दिवसभर बोलते. बेचाळीसला आलोय, बेचाळीस धरायचंय, बेचाळीसच्या वर नको. एकदा पलंगावरची बाई उशीत तोंड खुपसून म्हणाली, "एवढ्यासाठी पैसे कशाला, बाहेर उन्हात झोपले असते. तिथंबी बेचाळीसच आहे." दोघीही हसल्या, पण हँडपीस काही थांबला नाही.

मग लाईट गेली.

मशीनचा आवाज खाली बसला. इन्व्हर्टरवर पंखा आणि दिवा चालतो, मशीन नाही. थेरपिस्टने तापमापक मांडीवर रोखूनच ठेवला: ४१, ४०, ३८. जेल गार पडलं. लाईट आली तेव्हा तिने घड्याळ पुन्हा शून्यावर आणलं आणि मांडी पहिल्यापासून तापवायला घेतली. बाईला कळलंही नसतं, राहिलेली मिनिटं उरकून घेता आली असती. उजव्या मनगटाला निळा क्रेप बँडेजचा पट्टा आहे. दिवसाला सहा-सात मांड्या-पोटांवर हा फेरा घालून ते दुखतं. पट्टा जरा घट्ट करून तिने पुन्हा विचारलं, "चटका बसायलाय का?"

येणाऱ्यांत लग्न ठरलेल्या मुली आहेत. पुण्यात आयटीत काम करणारी, शनिवार-रविवारी घरी येणारी एक आहे; पुण्यात हेच महाग पडतं, शिवाय हुतात्मा एक्सप्रेसने आलं की आईच्या हातची कडक भाकरी आणि शेंगाचटणी मिळते, हा तिचा हिशोब. निवृत्तीला आलेल्या एक शिक्षिका आहेत. मुलगा कॅनडात, सून पोहायला नेते, आणि काकूंना आयुष्यात पहिल्यांदा पोहण्याचा पोशाख घालायचा आहे. "नऊवारीत होतं तोवर कुणी बघितलं नाही, मीसुद्धा नाही," असं त्या सांगतात. त्यांना हसणं सोपं आहे. पण त्या ज्या निश्चयाने पालथ्या पडतात, तो पाहिल्यावर हसू येत नाही.

प्रश्न आहे तो आठ सिटिंगनंतर काय उरतं याचा. जगभर यावर डोकं आणि पैसा कमी लागलेला नाही. अमेरिकेत उष्णता आणि मसाजच्या अनेक मशीनना परवानगी मिळाली, ती सेल्युलाईट तात्पुरतं कमी दिसण्यापुरती. खळग्याखालचे पट्टे विरघळवणारं 'क्वो' नावाचं इंजेक्शन जुलै २०२० मध्ये तिथे मंजूर झालं. काळेनिळे व्रण आणि बराच काळ टिकणारे डाग यांच्या काळजीने कंपनीने डिसेंबर २०२२ मध्ये ते गुंडाळलं. चरबी गोठवणाऱ्या मशीनची गोष्ट आणखी बोलकी. त्याला २०१० मध्ये परवानगी मिळाली, जगभर गाजलं. पण सुपरमॉडेल लिंडा इव्हँजेलिस्टाने २०२१ मध्ये दावा लावला, की गोठवलेल्या जागची चरबी कमी व्हायच्या ऐवजी वाढून घट्ट झाली. दुष्परिणाम दुर्मीळ, पण नोंदलेला. पुढच्या वर्षी प्रकरण तडजोडीने मिटलं. फलकावर यातलं काही मावत नाही.

डॉक्टरांना स्वतःला खळग्यांची फारशी चिंता नाही. त्यांचा आवाज चढतो तो दुसऱ्याच पेशंटसाठी. घाम, घट्ट जीन्स, जांघेत नायटा, आणि मेडिकलमधून विचारून आणलेली ट्यूब. त्यात बुरशीच्या औषधाबरोबर जोरदार स्टिरॉइड. दोन दिवसांत खाज थांबते, म्हणून पोरगा महिनोन् महिने लावत राहतो. नायटा पसरतो आणि जांघेत, मांडीच्या आतल्या बाजूला रुंद, लालसर भेगांसारखे पट्टे उमटतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक स्टिरॉइड मलमं 'शेड्यूल एच'मध्ये आणली, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. ट्यूब तरीही मिळते. भरतीची तयारी करणारा एक मुलगा चिठ्ठी न दाखवता आणलेल्या तीन रिकाम्या ट्यूबा पिशवीत घालून आला होता. त्याने एवढंच विचारलं, की हे जाईल का. डॉक्टरांनी खरं ते सांगितलं: लाल आहेत तोवर फिकट करता येतील, पूर्ण जाणार नाहीत.

बाळंतपणानंतरच्या पोटावरच्या रेषांचंही तसंच. बधिर करणारं मलम लावून, वर प्लास्टिक गुंडाळून तासभर थांबायचं आणि मग बारीक सुयांनी त्वचा टोचायची, म्हणजे ती स्वतःला दुरुस्त करू लागते. लाल रेषेला लवकर फरक पडतो. पांढऱ्या पडलेल्या जुन्या रेषा उथळ होतात, पुसल्या जात नाहीत. माहितीपत्रकात या उपचाराचा उल्लेख 'कायमचा उपाय' असा आहे. तो मजकूर डॉक्टरांनी लिहिलेला नाही, पत्रक मात्र त्यांच्याच दवाखान्याचं आहे. मजकूर बदलणार का, असं विचारल्यावर त्या पुढच्या पेशंटला बोलवा म्हणाल्या.

काकूंची आठवी सिटिंग झाली त्या दिवशी दोन्ही फोटो शेजारी लावले गेले. तोच दिवा, तीच पावलं. डॉक्टर म्हणाल्या, कडेची त्वचा घट्ट झाली आहे, मधले उथळ खळगे कमी दिसतात, खोल दोन तसेच आहेत. काकूंनी चष्मा वर-खाली करून पाहिलं. "मला तर पहिली मांडी कुठली नि आठवी कुठली तेच कळंना." थेरपिस्टने बोट ठेवून जागा दाखवली, मग काकूंनाही थोडं दिसलं. दर दोन-तीन महिन्यांनी एखादी सिटिंग घेतली तर टिकेल, नाही तर हळूहळू परत येईल, हेही तिने सांगितलं आणि नवं पॅकेज पुढे सरकवलं नाही. काकूंनी कॅनडाचं तिकीट काढलेलं होतंच. पोशाख गुडघ्यापर्यंतचा घेतलाय, एवढं सांगून त्या उठल्या.

त्याच दुपारी पुण्याहून कंपनीचा माणूस नवं मशीन दाखवायला आला होता. याच्या हँडपीसमध्येच तापमापक आहे, त्वचा ठरलेल्या अंशावर गेली की मशीन आपोआप ताकद कमी करतं. हात शिकलेला असायची गरज नाही, आठवडाभराच्या ट्रेनिंगवर कुणीही चालवेल, असं तो डॉक्टरांना समजावत होता. थेरपिस्ट मनगटाचा पट्टा सोडून पुन्हा बांधत ऐकत होती.

"बेचाळीस धरतंय का?"

"एकदम परफेक्ट, मॅडम."

"आणि लाईट गेल्यावर?"

त्याने डॉक्टरांकडे पाहिलं, मग कोटेशन उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर बॅटरी बॅकअपची वेगळी किंमत लिहायला घेतली.