देवाची इच्छा की माझी?

आजचा विषय जरा घरचा आहे. बाबा गेले तेव्हा जो तो म्हणाला, "देवाची इच्छा." मला पटेना. छातीत दुखतंय असं ते दोनदा म्हणाले होते, आणि दोन्ही वेळा मी म्हणालो होतो, "एवढं रिलीज होऊ दे, मग डॉक्टरकडे जाऊ."

गीतेचा अठरावा अध्याय काढून बसलो. ६१ व्या श्लोकात कृष्ण सांगतो, ईश्वर सगळ्यांच्या हृदयात राहून त्यांना मायेने फिरवतो, जणू यंत्रावर बसवलेले. मी इंजिनिअर. म्हटलं संपलं, कोड आधीच लिहिलेला आहे! पण दोनच श्लोक पुढे, ६३ व्यात, तोच अर्जुनाला म्हणतो की यावर पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर. सगळं तोच फिरवत असेल, तर विचार कर असं सांगेल कशाला?

मी लावलेला अर्थ असा (पंडितांना पटेलच असं नाही): स्वभाव, सवयी, भीती हे यंत्र. ते आपोआप चालतं. "नंतर बघू" हे माझ्या यंत्राचं ठरलेलं उत्तर. ते तोंडातून निघायच्या आधी क्षणभर थांबता येतं, माझं स्वातंत्र्य तेवढंच. साधना म्हणजे तो क्षण सापडायला लागणं. देव मी मानतो, पण ते दोन नकार त्याच्या खात्यावर टाकत नाही.

परवा आई म्हणाली, गुडघा दुखतोय. कॉल चालू होता. "नंतर" अगदी ओठांवर आलं होतं. संध्याकाळची अपॉइंटमेंट घेतली.